लॉबिंगच्या कायद्यातलं एक कलम पडलं, तर बाकीचं काय उरतं?

अधिवेशन जवळ आलं की खान्देशातून निवेदनं निघतात. रावेर-यावलचे केळी उत्पादक फळपीक विम्याच्या निकषांवर बोलायला जातात, जिनिंगवाले बाजार समितीच्या सेसवर, अक्कलकुवा-धडगावकडच्या संघटना वनहक्काच्या दाव्यांवर. जाणाऱ्यांत शेतकरी असतो, संस्थेचा पगारी सचिव असतो, आणि मंत्रालयात कोणाच्या टेबलावर कोणती फाइल अडते हे तोंडपाठ असलेला सल्लागारही असतो. यांपैकी कोणी, कोणाच्या पैशावर, कोणाची गाठ घेतली याची नोंद करायला भाग पाडणारा कायदा आपल्याकडे नाही. डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टवरून संसदेत गदारोळ झाला तोसुद्धा इथल्या कागदामुळे नव्हे. कंपनीने अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे तिथे भरलेल्या अहवालांत भारतातल्या गुंतवणुकीचा विषय नोंदवलेला होता, म्हणून. पुढच्या वर्षी खासदार कालिकेश सिंह देव यांनी लोकसभेत लॉबिंग, म्हणजे धोरण आपल्या बाजूने व्हावं म्हणून सत्तेतल्यांना गाठणं, उघड करण्याबाबतचं खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना ते हवं होतं, कापूस पिकवणाऱ्यांना नको होतं. दोन्ही बाजूंनी कोण कोणाला भेटलं, कोणता कागद दिला, हे एका जागी पाहायला मिळेल अशी नोंदवही नाही. तेव्हा असा कायदा हवा, ही मागणी रास्त आहे. पण मागणी करणारे मसुद्याच्या शेवटी एक कलम डोळे मिटून चिकटवतात, आणि या लेखाचा विषय तेच कलम आहे.

ते साधारण असं असतं: या अधिनियमातली कोणतीही तरतूद, किंवा ती एखाद्याला लागू करणं, अवैध ठरलं तर उरलेल्या तरतुदींना आणि इतर व्यक्तींना ती तरतूद लागू करण्याला बाधा येणार नाही. अमेरिकेच्या १९९५ च्या लॉबिंग डिस्क्लोजर अ‍ॅक्टमध्ये ते आहे, त्याआधीच्या १९४६ च्या कायद्यातही होतं. मराठीत याला विभाज्यतेचं कलम म्हणू. लोकांना वाटतं की हे लिहिलं की विमा उतरवला. तसं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२४ मध्येच सांगितलं होतं की असं कलम अर्थ लावायला मदत करतं, न्यायालयाला हुकूम देत नाही. काय उरणार हे व्याख्या आणि शिक्षेची कलमं एकमेकांत कशी गुंतवली आहेत त्यावर ठरतं. ते काम मसुदा लिहितानाच झालेलं असतं किंवा झालेलं नसतं.

या बाबतीतला सगळ्यात शिकण्यासारखा खटला शेतमालाच्या भावांचा आहे. युनायटेड स्टेट्स विरुद्ध हॅरिस, निकाल १९५४. आरोप असा होता की शेतमालाचे आणि त्यांच्या वायद्यांचे भाव चढतील असे कायदे व्हावेत, उतरतील असे होऊ नयेत, यासाठी पैसे गोळा केले, खर्च केले आणि १९४६ च्या कायद्याप्रमाणे त्याचे अहवाल दिले नाहीत. आरोपींचं म्हणणं होतं की कायदाच इतका मोघम आहे की कोणाला लागू होतो ते कळत नाही, आणि वर तो बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा आणतो.

या कायद्यात शिक्षा दोन प्रकारच्या होत्या. पहिल्या पोटकलमात ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या पोटकलमात दोषी ठरलेल्याला तीन वर्षं लॉबिंगला पूर्ण बंदी. ही बंदी फार कडक होती: सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्कच तीन वर्षं काढून घेणारी. खालच्या न्यायालयाने तीही घटनाबाह्य ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वैधतेला हातच घातला नाही. कारण साधं होतं. दुसऱ्या पोटकलमाची सुरुवातच ‘पहिल्या पोटकलमातल्या शिक्षेखेरीज’ अशा अर्थाच्या शब्दांनी होत होती. म्हणजे बंदी उद्या गळाली तरी कर्तव्य कोणतं आणि ते मोडलं तर दंड किती, हे दोन्ही जागेवर राहत होतं. शिवाय विभाज्यतेचं कलम होतंच. न्यायालयाने दोन्ही गोष्टी सांगितल्या, पण माझ्या वाचनात वजन पहिलीचं आहे. एकाच वाक्यात ‘दंड आणि तीन वर्षं बंदी’ असं लिहिलं असतं, तर हे इतकं सोपं गेलं नसतं.

व्याख्येचं मात्र असं सुटसुटीत झालं नाही. तिथे काढून टाकायला वेगळा तुकडाच नव्हता. म्हणून न्यायालयाने कायद्याचा अर्थ आवळला: ज्याने पैसे मागितले, गोळा केले किंवा घेतले, ज्याचा एक मुख्य हेतू कायदा करवून घेणं किंवा पाडणं हा आहे, आणि जो त्यासाठी संसद सदस्यांशी थेट संपर्काचा मार्ग धरतो, त्यालाच कायदा लागू. तीन न्यायाधीश या निकालाशी सहमत नव्हते. हे अर्थ लावणं नसून कायदा नव्याने लिहिणं आहे, अशी त्यांची हरकत होती. मला ती हरकत पटते, पण ते असो. परिणाम महत्त्वाचा. कायदा टिकला, पण पोकळ झाला. १९९१ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने पाहिलं तेव्हा वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधींच्या निर्देशिकेतल्या सुमारे १३,५०० नावांपैकी जवळजवळ १०,००० नावांची नोंदणीच झालेली नव्हती.

१९९५ चा कायदा त्यातूनच आला, आणि तो मोजता येईल अशा भाषेत आहे. लॉबिस्ट कोण, तर ज्याने त्या अशिलासाठी एकाहून जास्त संपर्क केले आणि तीन महिन्यांत त्या अशिलाच्या कामातला किमान २० टक्के वेळ लॉबिंगवर घालवला तो. नोंदणी ४५ दिवसांत. २००७ च्या दुरुस्तीनंतर अहवाल दर तिमाहीला, तिमाही संपल्यावर २० दिवसांत. उत्पन्न-खर्चाची किमान मर्यादाही आहे: २०२५ पासून बाहेरच्या फर्मला एका अशिलाकडून तिमाहीत ३,५०० डॉलर, स्वतःची माणसं ठेवणाऱ्या संस्थेला १६,००० डॉलर. यातला प्रत्येक आकडा वेगळा उचलून तपासता येतो. न्यायालयाला ‘प्रभाव टाकण्याचा प्रयत्न’ यासारखा शब्द ताणत बसावं लागत नाही.

आता आपल्याकडे. भारतात विभाज्यतेचं कलम नसलं तरी फार बिघडत नाही, कारण घटनेच्या अनुच्छेद १३ मध्येच ‘विसंगतीच्या मर्यादेपर्यंत’ कायदा शून्य, असं लिहिलेलं आहे. खान्देश मुंबई राज्यात असताना इथे लागू असलेला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा याच तत्त्वावर टिकला. बलसारा खटल्यात १९५१ मध्ये अल्कोहोल असलेली औषधी आणि प्रसाधनाची द्रव्यं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी गेली, दारूची भलामण करायला केलेली मनाई गेली, आणि दारूबंदी राहिली.

नियम एका जागी आले ते १९५७ मध्ये, आर. एम. डी. चमारबागवाला विरुद्ध भारत सरकार या निकालात. न्यायमूर्ती व्यंकटराम अय्यर यांनी सात कसोट्या दिल्या. परीक्षेला बसणारी मुलं त्या पाठ करतात. मसुदा लिहिणाऱ्याने त्यांतल्या तीन भिंतीवर लावाव्यात. एक: वैध आणि अवैध भाग सुटे असले तरी विधिमंडळाने ते एकच योजना म्हणून आणले असतील, तर सगळंच जातं. दोन: उरलेला भाग इतका किरकोळ उरत असेल की विधिमंडळातून निघालेला कायदा तो हाच, असं म्हणता येत नाही, तरी सगळं जातं. तीन: उरलेलं चालवण्यासाठी न्यायालयाला शब्द घालावे किंवा बदलावे लागत असतील, तर न्यायालय ते करणार नाही. कलमं वेगवेगळ्या आकड्यांखाली आहेत की एकाच, याला महत्त्व नाही हेही तिथे स्पष्ट आहे. कपाशीतून सरकी जिनात वेगळी निघते, रंगवलेल्या सुतातून रंग निघत नाही; न्यायालय पाहतं ते एवढंच.

खरी अडचण पुढे आहे. चमारबागवाला खटल्यात बक्षीस-स्पर्धेच्या व्याख्येत जुगारही येत होता आणि कौशल्याच्या स्पर्धाही. न्यायालयाने कायदा जुगारापुरता ठेवला. मग लॉबिंगच्या सैल व्याख्येलाही तसंच वाचवता येईल, असं कोणी म्हणेल. पण जुगार हा मुळात कोणाचा हक्कच नव्हता, आणि मंत्र्यापुढे म्हणणं मांडणं हे बोलणं आहे. बोलण्यावरच्या कायद्यांना न्यायालय वेगळी फूटपट्टी लावतं. रोमेश थापर खटल्यात १९५० मध्ये ठरलं की शब्द इतके रुंद असतील की घटनेला मान्य नसलेल्या कारणासाठीही ते वापरता येतील, तर ते पूर्ण पडतात. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ, म्हणजे इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम, वाचवण्यासाठी चमारबागवाला पुढे केलं होतं. न्यायालयाने रोमेश थापर लावला, आणि ६६अ अख्खं गेलं.

म्हणून व्याख्येत ‘शासनाच्या धोरणावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न करणारी कोणतीही व्यक्ती’ असं लिहिलं की धोका सुरू. यात तहसीलवर मोर्चा नेणारा आला, अग्रलेख लिहिणारा आला, ग्रामसभेचा ठराव घेऊन पालकमंत्र्यांना गाठणारा सरपंच आला. खालचं विभाज्यतेचं कलम इथे निरुपयोगी आहे, कारण वेगळं करायला काही नाही. त्याऐवजी व्याख्येचे तुकडे करा. (अ) दुसऱ्याकडून मोबदला घेऊन मंत्री किंवा अधिकाऱ्याशी थेट संपर्क करणारा. (ब) संस्थेचा पगारी कर्मचारी, ज्याच्या कामाचा ठराविक हिस्सा असा संपर्क हा आहे. (क) लोकांनी संपर्क करावा म्हणून जाहिरात किंवा मोहिमेवर खर्च करणारा. तिसरा तुकडा न्यायालयात पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तो पडला तर पेनाची एक रेघ पुरते. (अ) आणि (ब) मधला एकही शब्द हलत नाही.

एक मसुदा कल्पून तपासणी करू. कलम २ व्याख्या, ३ नोंदणी, ४ तिमाही अहवाल, ५ सूट, ६ नोंदणी नसलेल्याने मंत्र्याला भेटू नये ही मनाई, ७ दंड, ८ न्यायालयात आव्हानाला बंदी. खान्देशातून याचिका झाली तर ती छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे जाईल. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात. तिथे काय टिकेल हे आधीच पाहायचं तर प्रत्येक कलम आळीपाळीने खोडा आणि उरलेला कायदा मोठ्याने वाचा.

कलम ६ खोडा. ते टिकणं अवघड आहे. मग कलम ३ वाचा: ‘कलम ६ खालील भेटीची परवानगी हवी असलेल्याने नोंदणी करावी’ असं असेल, तर ३ लटकलं, त्यावर बेतलेलं ४ लटकलं, आणि दंड कशाचा हे कळेनासं झालं. कायदा गेला. ‘कलम २ मध्ये येणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करावी’ असं स्वतंत्र असेल, तर काही बिघडत नाही. मसुदे याच ठिकाणी बुडतात. एकमेकांचा हवाला देणारी कलमं लिहायला सोपी असतात, आणि एक ओढलं की दुसरं येतं.

कलम ८ खोडा. आव्हानबंदीची कलमं सहसा पहिल्या फटक्यात जातात, म्हणून ती एकटी ठेवावीत. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत सातवा परिच्छेद असाच होता. किहोटो होलोहन खटल्यात १९९२ मध्ये तो पडला आणि बाकीची अनुसूची वाचली, पण तीन विरुद्ध दोन मतांनी. अल्पमतातल्या दोघांच्या मते सगळंच जायला हवं होतं. एवढ्या कमी फरकावर कायदा सोडू नये.

दंडाचं कलम खोडलं आणि दुसरा दंड नसेल, तर कायदा विनंतीपत्र होतो. हॅरिसमधली युक्ती इथे घ्या: नोंदणी न करण्याला एक दंड, अहवाल न देण्याला दुसरा, खोट्या माहितीला तिसरा, आणि कडक शिक्षा ‘याखेरीज’ या शब्दाने वेगळी.

रकमेची मर्यादा ही आणखी एक खाच. ‘१०,००० रुपयांहून जास्त खर्च’ ही अट न्यायालयाला जाचक वाटली तरी ते तिथे एक लाख लिहून देणार नाही. आकडा गेला की एक तर सगळे आत, नाही तर सगळे बाहेर. म्हणून आकडा नियमांत ठेवावा आणि तो कशाच्या आधारे ठरवायचा हे अधिनियमात सांगावं. आधार न सांगता सगळं सरकारवर सोडलं, तर अतिप्रत्यायोजनाचा, म्हणजे विधिमंडळाने स्वतःचं काम प्रमाणाबाहेर सरकारवर सोपवल्याचा, वेगळाच वाद उभा राहतो.

सगळ्यात कमी विचार होतो तो सुटीच्या कलमाचा. समजा कलम ५ ने सहकारी संस्थांना सूट दिली. एखादा खाजगी जिनर समानतेचा अनुच्छेद १४ घेऊन गेला की हा भेदभाव आहे, मलाही सोडा. न्यायालयाला पटलं तर दोन वाटा आहेत: सूट काढायची किंवा नोंदणीची सक्ती काढायची. सूट काढली तर सहकारी संस्था आत येते आणि जिनर जिथे होता तिथेच राहतो. अमेरिकेत २०२० मध्ये राजकीय सल्लागारांच्या संघटनेचं नेमकं हेच झालं. यांत्रिक फोन कॉलवरच्या १९९१ च्या बंदीला २०१५ मध्ये सरकारी कर्जवसुलीपुरती सूट दिली गेली. त्या सुटीवर बोट ठेवून त्यांनी अख्खी बंदी घालवायचा प्रयत्न केला. न्यायालयाने सूट काढली, बंदी ठेवली. आपल्याकडे नाकारा खटल्यात १९८२ मध्ये निवृत्तीच्या तारखेची अट गाळली आणि सुधारित पेन्शन जुन्या पेन्शनरांपर्यंत पोहोचली, तोही तुकडा काढल्याने कायदा रुंदावण्याचाच प्रकार.

म्हणून साच्यातल्या कलमाऐवजी पर्याय लिहून ठेवा: ‘कलम ५ मधली सूट अवैध ठरल्यास त्या संस्थांनाही कलम ३ व ४ लागू होतील.’ एवढ्या एका ओळीने विधिमंडळाचा हेतू शोधण्याचं काम संपतं. लिहिणारे हे टाळतात, कारण असं लिहिणं म्हणजे सुटीवर विश्वास नाही हे सभागृहात कबूल करणं.

उघड करण्याचे कायदे याआधी तुटलेत आणि उरलेतही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००२ मध्ये ३३अ आणि ३३ब आलं. ३३अ ने उमेदवाराला गुन्ह्यांची माहिती द्यायला लावली. ३३ब म्हणालं की न्यायालयाचा निकाल काहीही असो, कायद्यात आहे त्यापलीकडे माहिती मागायची नाही. मार्च २००३ मध्ये ३३ब गेलं, ३३अ राहिलं, आणि झाकण निघाल्यामुळे उघड करण्याची कक्षा वाढली. निवडणूक रोख्यांच्या निकालात, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, रोख्यांची योजना अख्खी गेली, कारण तिचा पायाच गुप्तता होता. पण ज्या २०१७ च्या वित्त अधिनियमातून तिच्यासाठीच्या दुरुस्त्या आल्या, त्यातल्या तेवढ्याच दुरुस्त्या गळाल्या. कंपनी कायद्यातली तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा वगळणंही त्यात अवैध ठरलं.

‘लागू करणं अवैध ठरलं तर’ हा शब्दप्रयोग मात्र ठेवण्यासारखा आहे. ओहायोच्या निवडणूक-निधी कायद्यात देणगीदारांची नावं उघड करायची होती. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सोशलिस्ट वर्कर्स पार्टीला लागू होणार नाही असं ठरवलं, कारण नावं फुटली की लोकांचा छळ होत होता. बाकीच्या पक्षांना तो लागू राहिला. सातपुड्यातली एखादी छोटी संघटना आणि मोठी निर्यातदार कंपनी यांना एकाच मापाने नावं मागितली, तर असा प्रश्न येणारच. कायदा न मोडता तो सोडवण्याची जागा असावी.

कायदा येईपर्यंत हाती आहे तो माहितीचा अधिकार, आणि त्यातल्या कलम १० चं नावही विभाज्यता हेच आहे. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयाला एखाद्या संघटनेने दिलेल्या निवेदनाची प्रत आणि आवक नोंदवहीचा त्या दिवसांचा उतारा मागा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. प्रतीला पानी २ रुपये. निवेदन तिसऱ्याचं असल्याने कलम ११ प्रमाणे त्याला नोटीस जाऊ शकते. मग त्याला म्हणणं मांडायला १० दिवस आणि निर्णयाला एकूण ४० दिवस. व्यापारी गुपित म्हणून ८(१)(घ) खाली नकार आला, तर अख्खा कागद मागत बसू नका. दर आणि खर्चाचे आकडे काळे करून उरलेला भाग १०(१) प्रमाणे द्या, असं लिहा. सही करणाऱ्याचा पत्ता-मोबाइल ८(१)(ञ) खाली झाकला जाईल, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो अपवाद आणखी रुंद झाला आहे. पण संस्थेचं नाव आणि मागणीचा मजकूर ही वैयक्तिक माहिती नव्हे.

असा भाग देताना अधिकाऱ्याने १०(२) प्रमाणे पत्र द्यायला हवं: कागदाचा काही भागच दिला जात आहे हे, त्यामागची कारणं, निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि पदनाम, शुल्काचा हिशेब, आणि फेरविचाराचा हक्क व त्याची मुदत. बहुतेक वेळा हातात येतं ते ‘माहिती देता येत नाही’ एवढं एका ओळीचं पत्र. पहिल्या अपिलात, ३० दिवसांच्या आत, २० रुपयांचा स्टॅम्प लावून, हाच मुद्दा क्रमांक एकवर टाका: भाग वेगळा करता येतो का, हे तपासलंच नाही. तिथेही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ.